पट्टीवर शुक्रवारच

सोमवारी सकाळी सव्वानऊला मार्केट यार्डातल्या क्लायंटचा फोन, "अहो साहेब, आज सोमवार ना? मग पट्टीवर शुक्रवारची तारीख का छापतंय तुमचं सॉफ्टवेअर? कालच्या पण तशाच गेल्यात." मी चांदणी चौकात अडकलेलो, म्हटलं टाइमझोनचा घोळ असेल, पोचून बघतो. पट्टी म्हणजे आडत्या शेतकऱ्याला देतो तो हिशेब, गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं त्यात, तारीख चुकली की माणूस भांडायला उभा. टाइमझोनने फार तर साडेपाच तास चुकतील, तीन दिवस कसे चुकतील, हे बाणेरला पोचेपर्यंत डोक्यातच आलं नाही.

सर्व्हरचं घड्याळ बरोबर. माझ्या लॅपटॉपवर तारीख चोख. शेवटी ज्युनिअर म्हणाली, "सर, तुम्ही दरवेळी नव्याने रन करताय, सर्व्हर शुक्रवारपासून चालूच आहे." तिथं ट्यूब पेटली.

पट्टी काढणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे हाक मारली की ठरलेलं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, कंसात डिफॉल्ट म्हणून, म्हणजे तारीख दिली नाही तर वापरायची म्हणून, आजची तारीख काढणारा कॉल लिहिलेला. आता पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत डेफ, म्हणजे फंक्शन जिथून सुरू होतं ती ओळ, ही नुसती घोषणा नाही, ती पण चालणारी ओळ आहे. फाइल इम्पोर्ट झाली, म्हणजे प्रोग्रॅमने सुरू होताना आत घेतली, की वरून खाली एकेक ओळ चालते, डेफपाशी आली की फंक्शन तयार होतं आणि कंसातले डिफॉल्ट तेव्हाच, एकदाच काढून त्याला चिकटवले जातात, आतला कोड मात्र कॉल केल्यावरच चालतो. खात्री म्हणून तारीख काढताना एक प्रिंट टाकला आणि फंक्शनच्या आत दुसरा, दहा पट्ट्या काढल्या: पहिला एकदा, दुसरा दहादा. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत डिफॉल्ट दर कॉलला नव्याने निघतो, त्यामुळे तिकडून आलेला माणूस इथं हमखास आपटतो. गिटमध्ये, म्हणजे कुठली ओळ कोणी कधी लिहिली याची नोंद असते तिथं, बघितलं तर ओळ माझीच, २ वर्षांपूर्वीची, आणि हो, मी तिकडूनच आलेलो.

मग २ वर्षं चाललं कसं? आधी सॉफ्टवेअर क्लायंटच्या गाळ्यातल्या डेस्कटॉपवर चालायचं, तो रोज रात्री बंद व्हायचा, सकाळी चालू, फाइल परत इम्पोर्ट, नवी तारीख. शुक्रवारी आम्ही मोठ्या हौसेने सर्व्हरवर हलवलं आणि बिंग फुटलं.

डिफॉल्टला नन, म्हणजे 'काहीच नाही', ठेवलं, आत नन असेल तर आजची तारीख, दोन ओळींचं काम. दुपारी फोन करून झालं म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, "मग रोज रात्री बंद करायचो तेच बरं होतं की." यावर काय बोलणार, ६८ पट्ट्या परत छापायला बसलो.