सांबऱ्याची धावपट्टी आणि जानेवारीचे धुके

बारामतीहून बेळगावचा सांबरा विमानतळ जवळजवळ सरळ दक्षिणेला, हवाई अंतराने सुमारे २६० किलोमीटरवर आहे, आणि जुन्या सेसना १७२ या छोट्या विमानाला दीड तास पुरतो. जानेवारीत आम्ही दोघे सूर्योदयाबरोबर निघालो, हीच पहिली चूक ठरली.

मिरजेपर्यंत हवा स्वच्छ होती. चिकोडी मागे पडल्यावर मात्र उसाच्या पट्ट्यावर धुके आणि कारखान्यांचा धूर यांचा करडा थर दिसू लागला, आणि हिडकलचा जलाशय त्याखाली पार बुडाला होता. सांबऱ्याच्या टॉवरने दृश्यता ३,००० मीटर सांगितली. नजरेच्या भरवशावर उतरणाऱ्याला ५ किलोमीटर लागतात, म्हणून हिडकलवरच घिरट्या घालत थांबलो. कोल्हापूर गाठण्यापुरते इंधन आणि वर अर्ध्या तासाचे राखीव, एवढे उरले की वळायचे, ही मर्यादा निघतानाच ठरवलेली असल्याने त्यावर वाद झाला नाही.

थ्रॉटल कमी असताना इंजिनाचे मिनिटाचे फेरे हळूहळू शंभराने उतरले: कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळते त्या भागात, बर्फ साचत होता. बाहेर १४ अंश असताना बर्फ कसला, असे वाटते. पण पेट्रोलच्या बाष्पीभवनाने कार्बोरेटरच्या आत तापमान वीसेक अंशांनीही घसरू शकते, आणि दमट हवेत तेवढे पुरते. कार्बोरेटरला गरम हवा देणारी कार्बोरेटर हीटची मूठ पूर्ण ओढल्यावर इंजिन आधी आणखी खडखडले, कारण वितळलेले पाणी आत जात होते, आणि मग सुरळीत झाले. नवखा माणूस त्या खडखडाटाला घाबरून मूठ परत ढकलतो; तसे करू नये.

दृश्यता वाढल्याचे कळताच सांबऱ्याकडे वळलो. वरून २,३०० मीटरची धावपट्टी टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट दिसत होती, आणि फसगत इथेच होते: सरळ खाली पाहताना धुक्याचा पातळ थर ओलांडायचा असतो, उतरताना मात्र तोच तिरका, कितीतरी लांब कापावा लागतो. वारा पूर्वेचा, त्यामुळे उतरायचे वाऱ्याकडे, पूर्वेला तोंड करून, आणि ऊन समोरून उजवीकडे. जमिनीपासून ३०० फुटांवर धावपट्टी दिसेनाशी झाली. ‘अजून थोडे’ न म्हणता पूर्ण थ्रॉटल देऊन वर गेलो. दुसऱ्या खेपेस, वीस मिनिटांनी, ६५ नॉट वेगाने विनासायास टेकलो. धावपट्टी दवाने ओली होती, म्हणून ब्रेक जपून लावले.

‘एवढ्या लवकर कशाला आलासा?’ इंधन भरणाऱ्याने विचारले. बारामतीहून साडेनऊनंतरच निघावे.