‘अगं, फाईल आहे की!’

एका छोट्या राउटरसाठी आमच्या टीममध्ये लिनक्स कर्नलची (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) ५.१० आवृत्ती सोर्स कोडपासून बिल्ड करायचं, म्हणजे चालवता येईल अशी बनवायचं, काम चाललं होतं. काम माझं नव्हतं, सहकाऱ्याचं होतं. दुपारी त्याचा फोन आला. सकाळपासून बिल्ड तिसऱ्यांदा अडकला होता आणि त्याच्या मते मेकफाईलमध्येच, म्हणजे कुठली फाईल कशी बनवायची हे ‘मेक’ प्रोग्राम ज्यात वाचतो तिथेच, काहीतरी गडबड होती.

एरर होती ‘नो रूल टू मेक टार्गेट’, आणि पुढे नेटफिल्टरमधल्या (कर्नलचा नेटवर्क पॅकेट तपासणारा भाग) टीसीपीएमएसएस नावाच्या ‘.ओ’, म्हणजे कंपाइल होऊन बनणाऱ्या, फाईलचा पत्ता. हा मेसेज भलताच फसवा. वाचणाऱ्याला वाटतं, मेकफाईलमध्ये नियम लिहायचा राहून गेलाय. प्रत्यक्षात शेजारी त्याच नावाची ‘.सी’ सोर्स फाईल असली की ठरलेला नियम आपोआप लागतो. ती नसली की कुठलाच नियम लागत नाही, आणि ‘फाईल नाही’ असं सरळ सांगायचं सोडून मेक नियमाच्या नावाने गळा काढतं. म्हणून मी आधी तेच विचारलं.

‘सोर्स फाईल आहे का तिथे?’

‘अगं, फाईल आहे की! समोर दिसतेय मला.’

मग काय, मीही मेकफाईलच्या मागे लागले. दोन तास गेले. सगळं साफ करून नव्याने बिल्ड केला, आठऐवजी एकाच जॉबवर चालवून पाहिला, मूळ टार फाईलचा (सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाईल) चेकसम, म्हणजे फाईल बिघडली नाही ना हे सांगणारा आकडा, पडताळला. तो तंतोतंत जुळला, त्यामुळे तर डोकं आणखीनच फिरलं.

तेवढ्यात तो सहज म्हणाला, ‘हेही मेन्यूकॉन्फिगमध्ये बंद करून टाकू का? मघाशी डीएससीपी आणि एचएल तसेच केले.’

हे मला आधी सांगितलं असतंस तर! मेन्यूकॉन्फिग म्हणजे कर्नलचे पर्याय चालू-बंद करायचा मेन्यू. डीएससीपी आणि एचएल हे नेटफिल्टरचेच दोन पर्याय आम्हाला फारसे लागणार नव्हते, पण टीसीपीएमएसएस बंद करणं शक्यच नव्हतं. पीपीपीओईच्या (इंटरनेट कंपनीशी जोडण्याची एक पद्धत) लाईनवर ८ बाइट हेडरमध्ये जातात, १५०० चा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ वर येतो, आणि टीसीपी जोडणी सुरू होतानाच एमएसएस (एका पॅकेटमधल्या टीसीपी डेटाची मर्यादा) १४५२ पर्यंत खाली आणावा लागतो. ते काम हेच मॉड्यूल करतं. ते नसेल तर काही साइट्स अर्धवट उघडून लटकतात, आणि तक्रार घेणाऱ्याला कारण काही केल्या सापडत नाही. बिल्ड मात्र हसत हसत पास झाला असता.

पण तीन नावं एकत्र ऐकल्यावर मी त्याच्या मशीनवर लॉगिन केलं आणि फोल्डरची यादी स्वतः पाहिली. फाईल होती. टी-सी-पी-एम-एस-एस, सगळी अक्षरं लहान लिपीतली. मेक मागत होतं ती कॅपिटलमधली.

इथे देवनागरीत लिहिताना मला ही दोन नावं वेगळी करून दाखवताच येत नाहीत, आणि फोनवर बोलताना आमचं नेमकं तेच झालं होतं. नेटफिल्टरचे नियम लावणाऱ्या आयपीटेबल्स या टूलमध्ये पॅकेट तपासणाऱ्या मॉड्यूलचं नाव लहान अक्षरांत आणि पॅकेटवर काही कृती करणाऱ्याचं कॅपिटलमध्ये, असा जुना प्रघात आहे. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये अशी जुळी भावंडं सुखाने नांदतात. लिनक्सच्या डिस्कवर नांदतात, एवढंच.

‘टार कुठे उघडलीस?’

‘माझ्या लॅपटॉपवर. मग सगळं फोल्डर सर्व्हरवर कॉपी केलं.’

लॅपटॉप मॅक. मॅक काय किंवा विंडोज काय, त्यांची फाईलसिस्टिम मूळ सेटिंगमध्ये लहान-मोठं अक्षर वेगळं मानत नाही. टार उघडताना आधी कॅपिटलवाली फाईल आली, मागून आलेल्या लहान अक्षरवालीने तिची जागा घेतली. एरर नाही, वॉर्निंग नाही. टारऐवजी गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) क्लोन केलं असतं, म्हणजे नक्कल उतरवली असती, तर निदान नावं एकमेकांवर आदळल्याची सूचना तरी मिळाली असती, गिट २.२० पासून ती देतं.

टारमधल्या नावांची यादी काढून, केस (अक्षरांचा लहान-मोठेपणा) दुर्लक्षून एकसारखी ठरणारी नावं वेगळी केली. नेटफिल्टरच्या ‘.सी’ फाईलींसोबत हेडर फाईलींच्याही जोड्या निघाल्या. मेमरी मॉडेलच्या चाचण्यांमध्ये तर लांबलचक नावाच्या दोन फाईली आणि फरक फक्त एका ‘एल’चा! सुमारे ७०,००० फाईलींच्या ढिगात ही मूठभर नावं डोळ्यांनी कोण शोधणार?

उपाय दहा मिनिटांचा होता. टार फाईल तशीच सर्व्हरवर नेली, तिथे उघडली, त्याची कॉन्फिग फाईल आत ठेवली आणि मेक चालवलं. नेटफिल्टरचं फोल्डर निमूट पार पडलं.

‘म्हणजे मी बंद केलेले ते दोन पर्याय...’

‘परत चालू कर. आणि कुठले ते मला वाचून दाखवू नकोस, टाइप करून पाठव.’