गाडीतळ ते सासवड, आत्याच्या हिशेबाने

हडपसरच्या गाडीतळावरून सासवड वीस-बावीस किलोमीटर. आत्याला हा आकडा मान्य नाही. तिने हा रस्ता वारीत पायी केलाय, त्यामुळे तिच्या लेखी तो भेकराईनगर, उरुळी देवाची, वडकी नाला, घाट आणि झेंडेवाडी असा मोजायचा असतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिला स्कूटरवर मागे बसवून निघालो. "हळू चालव, मला बघायचंय" एवढीच तिची अट.

गाडीतळावर दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची उजवीकडे सासवडला वळते. पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यांत लांब टप्पा आणि नेमका एकादशीचा. "उपाशीपोटी घाट चढायचा. बस नुसता मागे, तुला काय कळणार," असं आत्या म्हणाली. प्रत्यक्षात मागे तीच बसली होती.

मंतरवाडी चौकापर्यंतच्या रस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फुरसुंगी, उरुळीची गोदामं, कंटेनर, धूळ. पुण्याचा कचरा इथल्या डेपोवर वर्षानुवर्षं पडत आला, त्याचा वास वारा फिरला की अजून सांगतो. हा पट्टा सकाळी सातच्या आत पार करा. आम्ही साडेआठला निघालो आणि अर्धा वेळ इथेच गेला.

वडकीला चहा घेतला, कारण आत्याच्या हिशेबात इथे थांबायचंच असतं. घाटाच्या पायथ्याचा मस्तानी तलाव बघायचा असेल तर गावातूनच वळा. बहुतेक लोक तो घाटातून, कठड्याला टेकून बघतात. वरून त्याचा बांधीव पेशवेकालीन काठ सुंदर दिसतो हे खरं, पण वळणावर गाडी लावून फोटो काढणाऱ्यांना ट्रकवाले ज्या शिव्या देतात त्या मला पूर्ण पटतात.

दिवे घाट चारेक किलोमीटरचा. पूर्वीचा हा साधा रस्ता आता पालखी महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ झालाय आणि रुंदीकरणासाठी डोंगर फोडला जातोय. सुरुंग लावायच्या वेळी वाहतूक थांबवतात; आम्ही पाऊण तास उन्हात उभे होतो. निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या वेळा बघा, पाणी जवळ ठेवा. थांबलेल्या रांगेत आत्याने डोंगराच्या ताज्या कापाकडे बोट दाखवलं. वर बोटभर माती, खाली काळा कातळ, त्यात पहारीच्या रेघा. "इथेच रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. बैलांच्या तोंडाला फेस येतो, आणि माणसं टाळ वाजवत धावत चढतात." बाजूला माझी स्कूटर दोन जणांना घेऊन पहिल्या चढावरच कण्हत होती.

माथ्यावर विठ्ठलाची उंच मूर्ती आहे. तिथून पुढे एकदम हवा बदलते: पठार, बागा आणि रस्त्याकडेला अंजिरं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारीत मिळतो तो मीठा बहार (बहार म्हणजे फळांचा हंगाम). पावसाळ्यानंतरचा खट्टा बहार त्याच्यापुढे फिका, हे माझं मत. सीताफळासाठी मात्र पावसाळ्यातच या.

वेळ असेल तर झेंडेवाडी किंवा सोनोरीकडून मल्हारगड करा. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधलेला हा महाराष्ट्रातल्या शेवटच्या किल्ल्यांपैकी एक. चढण सोपी, सावली शून्य.

सासवडला बरंच आहे, पण सगळं एका दिवसात उरकू नका. पुरंदरे वाड्याची भक्कम तटबंदी बाहेरून बघितली. कऱ्हेकाठचं संगमेश्वराचं देऊळ दगडी आणि शांत. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये इथेच वारले, त्यांची समाधीही गावात आहे. १६६५ मध्ये मिर्झाराजांचा तळ याच परिसरात पडला होता, आणि त्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. पलीकडच्या चांगावटेश्वराला आत्याने गुडघ्यांचं कारण सांगून नाही म्हटलं. सोपानकाकांच्या समाधीला मात्र पायऱ्या तिला जाणवल्याही नाहीत. तिथे ती अर्धा तास बसली. माउली इथे दोन मुक्काम करतात, आणि सोपानकाकांची पालखी इथूनच निघते. "भाऊ भावाला भेटतो रे," एवढंच म्हणाली.

परतताना भिवरी, बोपदेव घाट, कोंढवा असा रस्ता घेतला. गर्दी कमी, पण वळणं तीव्र आणि संध्याकाळनंतर सामसूम, तेव्हा उजेडातच उतरा. आणि अंजिरं डिकीत ठेवू नका. इंजिनाच्या धगीने आमच्या किलोभर अंजिरांचा घरी पोचेपर्यंत मुरंबा झाला होता. आत्याने तो तसाच वाटीत काढून पोळीबरोबर वाढला.