तुम्ही विचारलंत म्हणून : किचन सुताराकडून करून घ्यावं की कंपनीकडून घ्यावं?

मी पुण्यात घरांच्या आतली कामं करते, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या लिफ्टमध्ये, हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. ‘ताई, किचनची कपाटं सुताराकडून करून घेऊ की मॉड्युलर कंपनीला देऊन टाकू?’ विचारणाऱ्याकडे दोन कोटेशनं असतात आणि दोन्हींतला फरक बघून तो गोंधळलेला असतो. त्याला मी ‘सुतार’ किंवा ‘कंपनी’ एवढंच सांगावं अशी अपेक्षा असते. पण मला खरंच वाटतं की सगळं किचन एकाच्या हाती देऊ नये. ओट्याखाली एक गोष्ट घडते, सिंकखाली दुसरी, भिंतीवरच्या कपाटांत तिसरी. ज्या जागेला जे चालेल ते तिथे लावायचं.

आधी ओट्याखालचं बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या बहुतेक इमारतींत ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे आहेत. कंपनीचा माणूस मोजमापाला आला की म्हणतो, ‘हे सगळं तोडावं लागेल.’ त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. त्याचे खोके, म्हणजे कपाटांचे तयार सांगाडे, ठरावीक मापाचे असतात आणि त्यांना रिकामी जागा लागते. पण तुम्ही का तोडायचं? कडप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, वरच्या ग्रॅनाइटचं वजन तो बिनतक्रार पेलतो, आणि त्याचे पैसे कधीच देऊन झालेले आहेत. त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि समोर चांगली शटर्स, म्हणजे कपाटाची दारं, एवढंच केलं तरी रोजच्या वापरात मॉड्युलरपेक्षा काही कमी पडत नाही. म्हणजे सुतार की कंपनी हे ठरवण्याआधी तिसरा पर्याय घरातच उभा असतो, आणि बरेच जण तो भंगारात काढून मग मला फोन करतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कडप्प्यात ट्रॉल्या बसवणं मात्र नाजूक काम आहे. दोन उभ्या फरश्यांमधलं अंतर वर साडेअठरा इंच असेल तर खाली सव्वाअठरा भरतं. तयार ट्रॉल्या १५, १७, १९, २१ इंच अशा रुंदीत मिळतात, ट्रॉली जिच्यावर सरकते ती टेलिस्कोपिक चॅनेल दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच खाते, आणि चॅनेलचा स्क्रू दगडात थेट धरत नाही, म्हणून आत प्लायची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी लावावी लागते. म्हणजे माप घ्यायचं ते सगळ्यात अरुंद ठिकाणी आणि पट्ट्यांची जाडी वजा करून. चॅनेल दोन सूत जरी तिरपी बसली तरी भरलेली ट्रॉली अर्ध्यावर अडते. हे काम ज्याने दगडात ट्रॉल्या बसवल्या आहेत अशाच माणसाला द्या, आणि त्याने आधी बसवलेली एखादी जुनी ट्रॉली कोणाच्या तरी घरी जाऊन ओढून बघा. डाळी-पिठाच्या डब्यांनी भरलेली असतानाच ओढा, रिकामी ट्रॉली सगळ्यांचीच छान सरकते.

ट्रॉलीचं स्टील ३०४ ग्रेडचं घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, ‘बघा, चिकटत नाही.’ त्याने काही सिद्ध होत नाही, कारण स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टीलसुद्धा लोहचुंबकाला सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून मागा. ओल्या ताटांच्या आणि कपबश्यांच्या ट्रॉलीला तरी यात तडजोड करू नका, कारण गंज सगळ्यात आधी तिथेच येतो.

कडप्पा तोडावा अशीही कारणं असतात. ओट्याची उंची चुकीची असेल तर तोडाच. उभं राहून कोपर वाकवलं की कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यायला हवा. जुने ओटे बऱ्याचदा याहून खाली असतात आणि वर्षानुवर्षं वाकून पोळ्या लाटणाऱ्या बाईची कंबर त्याचे पैसे भरत राहते. डिशवॉशर घ्यायचा असेल तर त्याला ६० सेंटीमीटर रुंदी आणि साधारण ८५ सेंटीमीटर उंची लागते, कडप्प्याच्या कप्प्यात ती मिळत नाही. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने नुसता ओटा दिला असेल आणि खाली मोकळं असेल, तर कंपनीचे खोके खुशाल घ्या. त्यांना खाली चार इंची प्लास्टिकचे पाय असतात, आणि आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते, म्हणून हे पाय फार मोलाचे. सुतार बऱ्याचदा प्लायची बैठक करून खोका थेट जमिनीवर ठेवतो, मग ती बैठक पोछाचं पाणी पीत राहते. सुताराकडून करत असाल तर हेच पाय बाजारातून आणून त्याला द्या.

सिंकखाली लाकडाचा खोका करूच नका, कंपनीचा नको आणि सुताराचाही नको. तिथे पाइपचा जोड कधी ना कधी ठिबकणारच. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड, एकदा भिजला की दुधात पडलेल्या पावासारखा फुगतो आणि वाळल्यावरही मूळ मापावर येत नाही. त्या जागी दगडाचे उभे आधार आणि समोर फक्त शटर ठेवा. कोणाला बंद कपाटच हवं असेल तर डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) किंवा पीव्हीसीचा बोर्ड पाण्याला चालतो. फक्त त्यात स्क्रूची पकड प्लायइतकी नसते, म्हणून जड शटर लावू नका, आणि गॅसच्या शेजारी तो नको, कारण पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं.

ही जागेप्रमाणे साहित्य निवडायची रीत मी शोधून काढलेली नाही. आज ज्याला आपण मॉड्युलर म्हणतो त्याची सुरुवात मानलं जाणारं किचन १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या सरकारी घरांसाठी मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी आखलं. ते कारखान्यात एकसारखं बनायचं आणि तसंच हजारो घरांत बसलं. तरी त्यांनी त्यात सगळीकडे एकच लाकूड वापरलं नाही. पिठाचे खण ओकचे, कारण त्याने पिठातली कीड दूर राहते, आणि जिथे सुरी चालणार, डाग पडणार तिथे बीच. एवढी बारकाई आपल्या कोटेशनमध्ये का असू नये?

आता भिंतीवरची कपाटं. इथे मी बहुतेकांना कारखान्यातला माल घ्या म्हणते, आणि त्याचं कारण कडा. शोरूममधल्या शटरच्या कडेवरून नख फिरवून बघा, कडेला चिकटवलेली पट्टी कुठे संपते आणि सनमाईका कुठे सुरू होतो ते नखाला लागत नाही. मशीन गरम गोंदाने ती पट्टी दाबून लावतं. सुतार तीच पट्टी हाताने चिकटवतो, कितीही मन लावून केलं तरी कुकरच्या वाफेसमोरची कड काही वर्षांत सुटायला लागते, आणि सुटलेल्या कडेतून वाफ आत शिरते. बिजागऱ्यांची ३५ मिलिमीटरची भोकंही मशीनवर एका ओळीत पडतात, म्हणून शटर्स सरळ दिसतात. शिवाय घरात लहान मूल असेल, दम्याचं माणूस असेल, तर आठवडेच्या आठवडे करवतीचा भुसा आणि गोंदाचा वास सोसण्यापेक्षा दोन-तीन दिवसांत बसणारं काम बरं.

वरची कपाटं टांगण्याआधी भिंत कसली आहे ते विचारा. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या हलक्या विटा असतात आणि त्यात साधा खिळा-गुट्टी जड कपाट धरत नाही. त्यासाठी वेगळे अँकर मिळतात, फिटरकडे ते आहेत का हे आधीच बघून घ्या. काचेच्या डिनर सेटने भरलेलं कपाट खाली आलं तर खाली स्वयंपाक करणारं माणूस असतं.

मग सुताराचं काय? जिथे भिंत वाकडी तिथे सुतारच. ओळखायची रीत सोपी आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. बरोबर पाच फूट आलं तर कोपरा गुण्यात आहे. इंचभर फरक आला तर कंपनी त्या फटीत एक आडवी-उभी पट्टी मारून मोकळी होते, आणि त्या फटीत झुरळं होतात. कोकणातल्या चिऱ्याच्या घरांत तर एकही भिंत ओळंब्यात नसते. तिथल्या एका म्हाताऱ्या सुतारांना मी काम करताना पाहिलंय. पट्टी भिंतीला टेकवली, लाकडाची एक बारीक चिपटी भिंतीला आणि तिच्यामागे पेन्सिल पट्टीला लावून वरून खाली अशी ओढली की भिंतीचा प्रत्येक उंचवटा पट्टीवर उमटला. मग रंध्याने त्या रेघेपर्यंत पट्टी उतरवली. बसवल्यावर मधून पोस्टकार्ड जात नव्हतं. हे काम कुठलाही कारखाना करून पाठवू शकत नाही. माळ्याखालचा तिरपा कोपरा, खांबाच्या पुढे-मागे येणारं कपाट, देवघराचा कोनाडा, हे सगळं अशाच हातांना द्यावं.

सुताराकडून करताना प्लाय स्वतः आणा. ‘मटेरियलसकट’ भाव दिला की मालावरचा ताबा तुमच्या हातून जातो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर मारली की निम्मी अक्कल येते. पाण्याजवळच्या कामाला आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, प्लाय घ्या. त्या मानकात प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून गोंदाची परीक्षा होते. कोरड्या जागेच्या एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणाऱ्या, प्लायला हे झेपत नाही, आणि दिसायला दोन्ही सारखेच. मी शीटचा छाटलेला तुकडा घरी पातेल्यात तासन्‌तास उकळते आणि मग कडेला सुरीचं टोक घालून बघते. थर सुटले तर सगळा माल परत. दुकानदाराला हे आधी सांगून ठेवलं की तो मालही विचार करून देतो.

कोटेशनं एकमेकांशेजारी ठेवताना लोक आकडे बघतात, पण ते आकडे एकाच गोष्टीचे नसतात. कोणी रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीचा, भाव देतो, कोणी समोरून दिसणाऱ्या चौरस फुटांचा, कोणी खोक्याचा वेगळा आणि शटरचा वेगळा. ट्रॉल्या, बिजागऱ्या, पाय, कडप्पा तोडणं, राडारोडा उचलणं, जीएसटी हे कुठे धरलंय ते विचारा. वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा, पाण्याने फुगलेला बोर्ड त्यातून वगळलेला असू शकतो, आणि किचनमध्ये तर नेमकं तेच होतं. आणखी एक विचारा, पाच वर्षांनी बिजागरी ढिली झाली तर कोण येणार? ओळखीचा सुतार असेल तर तो रविवारी येऊन स्क्रू बदलून जाईल. कंपनी असेल तर तिच्या बिजागऱ्या आणि चॅनेल बाजारात सुट्या मिळणाऱ्या असाव्यात, म्हणजे ती कंपनी उद्या नसली तरी तुमचं शटर लटकत राहणार नाही.

गॅसचा सिलिंडर ओट्याखाली राहणार असेल तर त्या शटरला खाली, जमिनीलगत, जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, नुसत्या वरच्या जाळीने भागत नाही. सुतार असो, कंपनी असो, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

आणि शेवटचा हप्ता हातात ठेवा. काम संपलं म्हणून लगेच देऊ नका. आठवडाभर रोजची भांडी त्या सिंकमध्ये घासा, मग सिंकखाली हात घालून भिंतीलगतचा कोपरा चाचपा. कोरडा लागला की पैसे द्या.