एका कानाचे सव्वाअकरा टक्के

डावा कान अचानक बसला. स्टिरॉइडनं थोडा सुधारला आणि तिथंच अडकला. बहिरेपणाची टक्केवारी काढायची तर ऐकणं स्थिरावलेलं हवं, म्हणून काही महिने थांबून तपासणीला गेले.

आवाजबंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. उजवा कान पटकन उरकला.

खरी कसरत डाव्याची. त्यात मोठा आवाज सोडला की तो कवटीच्या हाडातून पलीकडे पोचतो आणि उजवा कान तो टिपतो. साध्या हेडफोनवर दोन कानांत ४० डेसिबलचा फरक असला, तरी हा धोका धरून चालतात. आपण इमानदारीत बटण दाबत राहतो आणि आलेखावर उमटतं उजव्या कानाचं ऐकणं! ते टाळायला उजव्यात सतत खरखर सोडतात, तिला मास्किंग म्हणतात. ती वाढत गेली तसा सूर खरा की भास, तेच मला कळेना.

"नुसतं वाटलं तरी दाबू का?"

"दाबा. अगदी पुसट असला तरी दाबा," ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या.

एक कान अधू असलेल्याच्या अहवालात मास्किंगची नोंद नसेल, तर त्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग कानामागच्या हाडावर कंपक लावून दोष आतल्या कानाचा असल्याची खात्री झाली. बहिरेपणाचं सोंग पकडणारी स्टेंगर चाचणीही झाली. तिच्यात एकच सूर दोन्ही कानांत सोडतात, अधू कानात जास्त जोरात, पण 'याच्याखाली ऐकू येत नाही' असं तपासणी देणाऱ्यानं दाखवलेल्या पातळीच्या खालीच. खरा बहिरा चांगल्या कानानं ऐकतो आणि बटण दाबतो. सोंग करणाऱ्याला तो 'बहिऱ्या' कानातच जाणवतो, म्हणून तो गप्प बसतो. राग आला नाही. टक्केवारी आली की संशय आलाच.

हिशोब १९७९ च्या अमेरिकन सूत्रानं केला. ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झच्या सुरांना डावा कान ऐकू लागला तो ५५, ६५, ७५, ८५ डेसिबलला. सरासरी ७०. त्यातून २५ वजा, उरलेल्याला दीडनं गुणायचं: ६७.५ टक्के. उजव्याची सरासरी २५ च्या आत, म्हणून शून्य. पुढं चांगल्या कानाला पाचपट वजन देऊन सहानं भागतात. माझे ६७.५ झाले ११.२५. एक कान ठार गेला आणि दुसरा धडधाकट असला, तरी या सूत्रात १६.७ च्या वर जाता येत नाही.

दोन माणसं शांतपणे बोलत असतील तर मला फारशी अडचण नाही, तेवढ्यापुरतं हे पटतं. पण हॉर्न कुठून वाजला ते कळत नाही, घोळक्यात डावीकडचं बोलणं हरवतं, आणि बंद खोलीतले सूर यातलं काहीच मोजत नाहीत. मी तसं म्हटल्यावर ऑडिओलॉजिस्टनी गोंगाटात बोलणं समजण्याची चाचणी वेगळी घेतली आणि तिचा निकाल अहवालाला जोडला. टक्केवारी अर्थात तीच राहिली.