नारिंगी शेला

रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एका घोडेस्वाराच्या छातीवर नारिंगी शेला काढत होते. स्वार धातूचा, घोड्यासकट करंगळीएवढा. ब्रश शून्य नंबरचा. श्वास रोखून रेघ ओढायची, कारण हात जरा हलला की शेला थेट दाढीत शिरतो. नवरा पाणी प्यायला खाली आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "भातुकली आटोपली की दिवा बंद कर."

भातुकली! आमच्या क्लबातले पंधरा टक्कलवाले पुरुष हेच खेळतात तेव्हा तो वॉरगेम असतो. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये टेबलं जोडायची, वर हिरवं कापड, कापडाखाली जाड पुस्तकं सरकवली की झाली टेकडी. इंचांची टेप, मूठभर फासे आणि वितळलेल्या चॉकलेटची बिस्किटं. पायदळ सहा इंच चालणार, घोडदळ बारा. गोळी लागली की नाही ते फासा सांगणार. एवढ्या भांडवलावर तीन तास माणसं कपाळाला आठ्या घालून उभी असतात.

माझं मूळ मात्र दिवाळीच्या किल्ल्यात आहे. साताऱ्याला आमच्या अंगणात किल्ला व्हायचा तो दादाचा. माझ्या वाट्याला माती कालवणं आणि अळीव पेरणं. बाजारातून महाराज यायचे, मावळे यायचे, तोफ, वाघ, डोक्यावर घागर घेतलेली गवळण. शत्रू तेवढा आमच्या बाजारात कधी विकायला नसायचा. त्यामुळे आमचे मावळे चार दिवस पहारा द्यायचे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत दवाने विरघळून जायचे. लढाई अशी कधी झालीच नाही. ती हौस फिटायला मला इंग्लंडात, वॉरिकशरला यावं लागलं.

इथे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर एजहिल आहे. २३ ऑक्टोबर १६४२ला राजा पहिला चार्ल्स आणि त्याचंच पार्लमेंट इथे पहिल्यांदा मोठ्या लढाईत भिडले. आपण ज्याला भाऊबंदकी म्हणतो तिचा हा राष्ट्रीय प्रयोग. हौसेने बघायला गेलो, तर रणांगणाचा बराचसा भाग लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठाराने व्यापलेला, कुंपणाआड. पावणेचारशे वर्षांनंतरही बारूद तिथेच.

यादवी युद्धाचं सैन्य रंगवणं स्वस्त पडतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. रोमन घ्यायचे तर पुढे कुणीतरी दुसरे लागतात. इथे एकच साचा दोन्हीकडे चालतो. तीच रुंद काठाची टोपी, तोच पंधरा-सोळा फुटी भाला, तीच जळत्या वातीची बंदूक. लाल डगले राजाकडेही आणि पार्लमेंटकडेही, निळेही तसेच. ओळखायचं कशावरून? शेल्यावरून. एजहिलला पार्लमेंटच्या माणसांनी आपल्या सेनापतीच्या, अर्ल ऑफ एसेक्सच्या, रंगाचा नारिंगी शेला घेतला होता. राजाकडचा तांबडा. संध्याकाळच्या धुरात हे दोन रंग वेगळे ओळखून दाखवावेत कुणीतरी.

माझा तो स्वार सर फेथफुल फोर्टेस्क्यूच्या तुकडीतला. नावातच फेथफुल, म्हणजे इमानी, आणि हा गृहस्थ ऐन लढाईत पार्लमेंट सोडून तुकडीसकट राजाला जाऊन मिळाला. आधीच आतून संधान बांधलेलं होतं. राजाचा पुतण्या म्हणा, भाचा म्हणा (बहिणीचा मुलगा, तेव्हा भाचाच), प्रिन्स रूपर्टचं घोडदळ दौडत आलं, फोर्टेस्क्यूने इशारत केली आणि बाजू बदलली. पण त्याच्या काही स्वारांनी बाजू बदलली, शेला काढायचं मात्र विसरले. नव्या दोस्तांनी त्यांना जागच्या जागी कापलं. मराठीत शेला काढणं म्हणजे रंगवणंही आणि उतरवणंही. मी रात्री जागून काढत होते, आणि त्याने वेळेवर काढला नाही म्हणून तो मेला.

याच्या उलटही झालं. राजाचा निशाणदार सर एडमंड व्हर्नी त्या दिवशी पडला, निशाण गेलं. (त्याचा थोरला मुलगा पार्लमेंटच्या बाजूला होता. त्या घरी जेवायला बसताना काय बोलत असतील?) मग राजाकडच्या एका कॅप्टन स्मिथने नारिंगी शेला चढवला, शत्रूत मिसळला आणि निशाण परत आणलं, अशी कथा आहे. हातभर कापडावर जीव जायचा आणि निशाण यायचं.

पुढच्या वर्षी पार्लमेंटचा सेनानी विल्यम वॉलर याने राजाच्या बाजूने लढणाऱ्या राल्फ हॉप्टनला, आपल्या जुन्या मित्राला, पत्र लिहिलं. शत्रू नसलेल्या या युद्धाचा मला तिटकारा आहे, अशा अर्थाचं. मैत्री कायम आहे, पण लढावं लागेल. पुढच्याच महिन्यात दोघं लॅन्सडाउनच्या टेकडीवर भिडले.

तर गुरुवारी मी राजा होते. समोर एक निवृत्त बसचालक, अतिशय सभ्य, फासे टाकण्यापूर्वी "सॉरी" म्हणणारे. माझ्या घोडदळाने त्यांची डावी बाजू उधळून दिली. मी मनातल्या मनात हर हर महादेव केलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पाठलागाचा फासा टाका."

आमच्या नियमात राजाचं घोडदळ जिंकलं की फासा टाकायचा. दोनच्या वर काहीही आलं की ते पळणाऱ्यांच्या मागे सुटणार, टेबलाबाहेर. पाच आले. खऱ्या एजहिललाही हेच झालं होतं. रूपर्टचे स्वार कायनटनपर्यंत पाठलाग करत गेले आणि बाजारबुणग्यांच्या गाड्या लुटत बसले. इकडे राजाचं पायदळ उघडं पडलं. माझे बारा स्वार मी स्वतःच्या हाताने उचलून बिस्किटांच्या डब्याशेजारी ठेवले. तिथून ते पुढचा दीड तास माझ्या पायदळाची कत्तल बघत होते.

पराभवात मला एकच विरंगुळा होता. टेबलाच्या कोपऱ्यात कुंपणाखाली मी तीन बाहुले ठेवले होते, दोन मुलगे आणि पुस्तक वाचणारा एक माणूस. राजाची ही मुलं लढाईच्या वेळी डॉक्टर विल्यम हार्वेच्या स्वाधीन होती, रक्ताभिसरणाचा शोध लावणारा तोच. तो कुंपणाखाली वाचत बसला आणि तोफेचा गोळा जवळ पडल्यावर जरा सरकून बसला, असं सांगतात. थोरला मुलगा बारा वर्षांचा, जन्म १६३०चा. म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांच्याच वयाचा. पुढे हाच दुसरा चार्ल्स झाला, १६६१च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांकडून त्याला हुंड्यात मुंबई मिळाली आणि १६६८मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने कंपनीला देऊन टाकली. मी हे सांगितलं तेव्हा बसचालक गृहस्थ फासे हातात धरून म्हणाले, "दहा पौंड? इथे पार्किंगलाही पुरत नाहीत." आणि त्यांनी माझी उरलेली तोफ उडवली.

शनिवारी लेकीला किल्ला हवा होता. इथल्या सुपरमार्केटात अळीव उगवलेलाच मिळतो, क्रेस म्हणून, सँडविचात घालायला. दोन ट्रे आणून मागच्या दारी चिखलात खोचले. साताऱ्याहून मावळे यायचे होते, तोवर तिने माझा डबा उघडला आणि गडाच्या दरवाज्यावर स्वार उभे केले. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दादाने डोळे बारीक करून पाहिलं.

"हे टोपीवाले कोण गं?"

"मामा, ते फितूर आहेत."

"अगं मग गडावर कशाला घेतलेस त्यांना?"

"चालतं," ती म्हणाली, "आईने त्यांचा शेला काढलाय."