वहीतल्या तारखा

५ एप्रिल २०२०, रविवार

नऊ वाजता घरातले दिवे घालवून तुळशीपुढे पणती लावली. शेजारच्या आजीने तेवढ्यात कुंपणापलीकडून विचारलं, "गो, फाल्यां पोदेर येतलो?" पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू बंद झाल्यापासून तिचा दिवसच सुरू होत नाही म्हणे. जनता कर्फ्यू एका दिवसाचा म्हणून २२ मार्चला घरात बसलो, ते बसलोच. पहिले काही दिवस तर किराणा दुकानाचं दारही उघडत नव्हतं.

संध्याकाळी आमच्या रक्तदान मंडळाची पहिली व्हिडिओ मीटिंग घेतली. बेचाळीसपैकी एकतीस जण आले. पोरांना नवं खेळणं मिळालेलं, कोणी मांजर दाखवतोय, कोणी आईला. फुकटातलं ॲप चाळीस मिनिटांनी आपणहून बंद पडतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "बरं, आता पुढे काय करायचं?" आणि सगळे चेहरे एकदम गुल.

२६ एप्रिल २०२०, रविवार

गोव्यातले सातही रुग्ण बरे झाल्याला आठवडा होऊन गेला. आता राज्यात एकही रुग्ण नाही, म्हणून सगळे जरा छाती काढून चालताहेत. मीटिंगला नऊ जण, त्यातल्या चौघांचे कॅमेरे बंद. मी प्रश्नमंजूषा तयार केली होती. रात्री जागून, पन्नास प्रश्न. अकराव्या प्रश्नाला मलाच कंटाळा आला.

ग्रुपवर सकाळची फुलं आणि काढ्याच्या कृती येतात. एकमेकांशी बोलतंय असं कोणी दिसत नाही.

९ मे २०२०, शनिवार

आज एक फोन आला आणि महिनाभराचा गुंता थोडा सुटला.

आमचं काम तसं साधं. माशेल, बाणस्तारी, फोंडा या पट्ट्यात कोणाला रक्त लागलं की माणूस पाठवायचा. त्यासाठी माझ्याकडे एक लांबट वही आहे: नाव, गट, शेवटचं दान, पुढची तारीख. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार. (वही सांभाळणारीचं हिमोग्लोबिन मात्र साडेबाराला कधी टेकत नाही. तीनदा परत पाठवलंय मला.)

फोन एका आईचा. तिच्या सात वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त भरावं लागतं. एरवी शिबिरांमुळे पिशव्या मिळतात. आता शिबिरं बंद, कॉलेजं बंद, आणि पिशवी काही पस्तीस-बेचाळीस दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. मार्चच्या सुरुवातीला जे साठलं ते एव्हाना संपलं किंवा फेकावं लागलं. हे मला कळायला हवं होतं. मी प्रश्नमंजूषा करत बसले होते.

वही उघडली आणि एकेकाला फोन लावत गेले. ग्रुपवर टाकलं नाही; ग्रुपवर टाकलेलं काम कोणाचंच नसतं.

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या ओ निगेटिव्हला (इथे नावं लिहीत नाही, गट पुरे) चार वेळा लावला, लागेना. पाचव्यांदा त्याचाच आला. धापा टाकत होता. "ताई, घरात रेंज ना. मीटिंगेक येवंक डोंगरार चडचें पडटा." म्हणजे तो रुसला नव्हता की विसरला नव्हता. चाळीस मिनिटं व्हिडिओ चालेल एवढी रेंज मिळवायला तो अर्धा तास चढत होता, आणि वर पोचेपर्यंत आमचं संपलेलं. मी त्याच्या नावापुढे एप्रिलमध्ये 'निष्क्रिय' असं लिहिलं होतं. आज ते खोडलं.

एका स्कूटरवर दोघं नको, म्हणून दोघं मुलगे दोन स्कूटरवर, बाणस्तारीचा पूल ओलांडून बांबोळीला, सरकारी रुग्णालयात गेले. चारला परतले. एकाने मला रिकाम्या रस्त्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलेलं: 'आज पयल्यांदा कामाक आयलों.'

२१ ऑगस्ट २०२०, शुक्रवार

उद्या चवथ. बाणस्तारीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, बाजाराला यंदा आम्ही कोणी गेलो नाही. वाडीतल्या पाच घरांत म्हातारी माणसंच आहेत, मुलं मुंबईला नाहीतर आखातात. त्यांच्या माटोळ्या आम्ही बांधल्या. ज्याच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) जे होईल ते त्याने आणायचं: सुपारीचे शिपटे, तोरिंगं, आंबाडे. कवंडळं सत्तरीहून आली, भाजीच्या टेम्पोतून, वर चिठ्ठी: ओ निगेटिव्हकडून.

मे महिन्यापासून मी मीटिंग घेतलेली नाही. दर शनिवारी प्रत्येकाने तिघांना फोन करायचा, एवढंच ठेवलंय. पण फोन करायला काहीतरी निमित्त लागतं. "कसा आहेस?" या प्रश्नाला आमची पोरं "बरा" म्हणतात आणि ठेवतात. "तुझी तारीख कधी?" किंवा "तुमच्याकडे आंबाडे आहेत का?" म्हटलं की मग वीस मिनिटं जातात, आणि अठराव्या मिनिटाला कळतं की वडिलांची हॉटेलातली नोकरी गेलीय.

२८ एप्रिल २०२१, बुधवार

१ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस म्हणताहेत. दुसऱ्या डोसनंतर अठ्ठावीस दिवस रक्त देता येत नाही, म्हणजे एकदा लस सुरू झाली की आमची अख्खी वही दोन-तीन महिने मिटली. म्हणून आधी रक्त, मग लस. आठवड्यात चौदा जणांना पाठवलं. आज ए पॉझिटिव्ह गेला, आमचा सगळ्यात बडबड्या. परत येताना उसाचा रस पिऊ नको म्हटलं, तर म्हणाला, रसाच्या गाड्या आहेत कुठे?

१५ मे २०२१, शनिवार

बुधवारी मी ए पॉझिटिव्हला फोन केला. एकाला बांबोळीला सोडशील का, म्हणून. तो हळू म्हणाला, "ताई, मी बाबांबरोबर दवाखान्यात आहे." मी "अरे, सॉरी" म्हणून ठेवला. काय झालं, काही हवंय का, काही विचारलं नाही. शुक्रवारी बाबा गेले.

गोव्यात दर दोन चाचण्यांमागे जवळपास एक पॉझिटिव्ह निघतेय. कोणाच्या घरी जायची सोय नाही. ग्रुपवर ओळीने अडतीस 'ॐ शांती' पडले, एकाखाली एक, बहुतेक तर आधीच्याचंच उचलून चिकटवलेले. रात्री त्याने ग्रुप सोडला. मी असते तर मीही सोडला असता.

१८ मे २०२१, मंगळवार

रविवारी तौक्ते वादळाने फणसाचं झाड आमच्याच तारांवर आडवं केलं. वीज नाही, फोन मेलेला. वर्षभर ज्या फोनवर सगळं चालवलं तो कोनाड्यात पडून आहे. सकाळी दोघं जण कोयते घेऊन फांद्या तोडायला आले. त्यातला एक काल ए पॉझिटिव्हच्या घरी जाऊन आलेला. काय बोललास, म्हणून विचारलं. "कांय ना. तो सोप्यार, हांव वणटीर. पावस पळयत बसलों."

असं नुसतं पाऊस बघत बसणं मला सुचलं नसतं. मी फोन केला असता.

२८ जुलै २०२१, बुधवार

शुक्रवारी म्हादई नदी चढली. सत्तरीतल्या ओ निगेटिव्हच्या घरात कमरेएवढं पाणी आलं, मागची भिंत बसली. आज आम्ही सतरा जण फावडी, घमेली आणि मास्क घेऊन तिथे होतो. दीड वर्षानंतर पहिल्यांदा सगळे एका अंगणात. दोघांना तर मी ओळखलंच नाही, एवढे उंच झालेत. पाच वाजेपर्यंत चिखल काढला. त्याच्या आईने चुलीवर चहा केला, गढूळ वासाचा. सगळ्यांनी दोनदा घेतला.

घरी पोचून पाय धूत होते, तेव्हा फोन वाजला. अडीच महिन्यांनी ए पॉझिटिव्हचा नंबर.

"ताई, वही उघड. आज तीन महिने पुरे झाले माझे. लस घेऊनही वीस दिवस झाले, आता चौदाच लागतात."

मी वही आणायला ओल्या पायांनीच आत गेले. तो पलीकडून विचारत होता, सत्तरीला उद्याही जायचंय का, आणि बूट घालायचे की चपला.

"चपला नको," म्हटलं. "चिखलात राहतात."